शाळेतील आरोग्यकेंद्र : आधी सिद्धता, मग उद्घाटन

शाळेला देणगी मिळाली म्हणजे आपल्याकडे प्रथम कोनशिला सुचते, मग संगमरवरी फलक, मग फीत कापणारे पाहुणे. आणि त्या वास्तूत पुढे रोज काय व्हावयाचे, हा विचार बहुधा सर्वांत शेवटी, चहाचे कप उचलले जात असताना सुचतो. यात कोणाचा हेतू वाईट असतो असे नाही. देणाऱ्याला आपल्या वडीलमाणसाचे नाव मागे राहावेसे वाटते, संस्थेला आपली वाढ चार लोकांना दिसावीशी वाटते. दोन्ही इच्छा स्वाभाविकच आहेत. ग्रंथालयाच्या बाबतीत ही उलटी रीत चालून गेली, तर फार तर पुस्तकांना वाळवी लागते. आरोग्यकेंद्राच्या बाबतीत मात्र ती चालत नाही. तेथे उणीव राहिली तर तिची किंमत मुलाला द्यावी लागते.

हे लिहिण्यास निमित्त घडले ते असे. ज्या शाळेत माझ्या आयुष्याची तीसहून अधिक वर्षे गेली, तिच्या चालकमंडळाकडून गेल्या वर्षी मला बोलावणे आले. एका माजी विद्यार्थ्याने आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ शाळेत आरोग्यकेंद्र उघडण्यासाठी बरीच मोठी रक्कम देऊ केली होती. स्नेहसंमेलनाच्या दिवशी उद्घाटन करावे, असा मंडळाचा मानस होता. तत्पूर्वी शाळेची सिद्धता कितपत आहे, हे पाहून अहवाल देण्यासाठी चौघांची एक छोटी समिती नेमली गेली. बालरोगतज्ज्ञ असलेल्या एक बाई, पालकांच्या वतीने एक गृहिणी, कार्यालयातील जुने कारकून आणि अध्यक्ष म्हणून मी. मी म्हटले, "मी जुन्या मॅट्रिकचा, पुढे पाठशाळेत व्याकरण घोकलेला मनुष्य, मला वैद्यकातले काय कळते?" त्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुरुजी, वैद्यकातले मी पाहीन. केंद्र चालविणे हा संसार चालविण्यासारखा प्रश्न आहे. त्यात आपला अनुभव हवा."

केंद्रासाठी जिन्याखालची खोली योजली होती. तीत जुनी कपाटे होती. ती रिकामी करताना एकाच्या तळच्या कप्प्यात सुतळीने बांधलेला पिवळट कार्डांचा गठ्ठा निघाला. पुष्कळ वर्षांपूर्वी शाळेत आरोग्यतपासणी झाली होती. डॉक्टर मंडळी दोन दिवस खपली होती, वर्तमानपत्रात छायाचित्रही आले होते. प्रत्येक मुलाचे एक कार्ड भरले गेले आणि वर्गशिक्षकांच्या स्वाधीन झाले. मी सहज वरचे एक उचलले. इयत्ता आठवी, तुकडी माझीच. शेरा होता : दोन्ही डोळ्यांची नजर कमी, नेत्रतज्ज्ञास दाखवावे. खाली 'पालकांस कळविले' अशी छापील ओळ होती आणि तिच्यापुढची जागा कोरी होती. त्या जागी सही मी करावयाची होती.

नाव वाचताच मुलगा डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याला मी वर्षभर शेवटच्या बाकावर बसविले होते. कारण फळ्यावरचे उतरवून घेताना तो शेजाऱ्याच्या वहीत पाही आणि मी त्यास चोरी समजे. तोंडी विचारले तर शब्दरूपे खणखणीत म्हणे, लेखी मात्र सारे चुकलेले. या दोहोंतली विसंगती माझ्या लक्षात यावयास हवी होती. ती न शोधता मी त्याला 'आळशी' हे विशेषण लावून मोकळा झालो. त्या विशेषणाच्या आधारे त्याला किती वेळा बाकावर उभे केले, याची गणना आता नको. ते कार्ड मात्र तेव्हापासून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

या एका कार्डाने आमच्या समितीच्या कामाला दिशा दिली. तपासणीने मुलाचा दोष कळतो. दूर होत नाही. दोष कळल्यानंतर पुढचे पाऊल कोणी टाकावयाचे, हे ज्या शाळेत ठरलेले नाही, ती शाळा आरोग्यकेंद्रास सिद्ध झालेली नाही, मग तिच्यापाशी खाटा आणि उपकरणे कितीही असोत.

हा विचार आमच्या डोक्यातून निघालेला नाही. शंभरांहून अधिक वर्षांचा अनुभव त्याच्या पाठीशी आहे. न्यूयॉर्क शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शाळांतून डॉक्टरांकडून मुलांची तपासणी सुरू झाली. डोळे आलेली, खरूज झालेली, डोक्यात उवा पडलेली मुले निवडून घरी पाठविली जात. घरी उपचार कोण करणार? मुले रस्त्यावर हिंडत आणि शाळा बुडे ती बुडेच. १९०२ साली लीना रॉजर्स नावाच्या परिचारिकेस प्रयोगादाखल चार शाळांवर नेमण्यात आले. तिने किरकोळ दुखण्यांवर शाळेतच उपचार केले आणि उरलेल्या मुलांच्या घरी जाऊन आयांना मलम कसे लावावे, केस कसे धुवावे, हे दाखविले. प्रयोग पाहून लवकरच आणखी परिचारिका नेमल्या गेल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये त्या शहरात अशा कारणांनी घरी पाठविलेल्या मुलांची संख्या दहा हजारांवर होती. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात ती सुमारे अकराशेवर आली. डॉक्टर पूर्वीही होते. नवीन होते ते घरापर्यंत जाणारे माणूस.

आपल्याकडेही आरंभ उशिरा झाला असे नाही. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात १९०९ साली शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली आणि हिंदुस्थानातील ती पहिली असे मानले जाते. परंतु १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा अहवाल दिला, तेव्हा शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, असे तिला नमूद करावे लागले. सुरुवात करणे आणि चालू ठेवणे यांतील अंतर एवढे मोठे आहे.

येथे कोणी म्हणेल, आता सरकारी योजना आहेत, मग शाळेचे निराळे केंद्र हवे कशाला? प्रश्न योग्य आहे, आणि सिद्धतेच्या परीक्षेत तोच पहिला असावा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येऊन जन्मजात व्यंगे, आजार, पोषणातील उणिवा व वाढीतील विलंब या चार गोष्टी तपासते, आणि गरज असेल त्या मुलास पुढे रुग्णालयात पाठविते. हे काम पुन्हा दुसऱ्याने करण्यात अर्थ नाही. पण पथक एक दिवस येते. शाळा दोनशेहून अधिक दिवस भरते. पथकाने दिलेली चिठ्ठी मार्गी लावणे आणि मधल्या दिवसांत मुलांकडे पाहणे, एवढेच शाळेच्या केंद्राचे खरे क्षेत्र होय. ते लहान वाटेल. पण आमच्या शाळेत तेच रिकामे होते.

मग आम्ही परीक्षेसाठी एक जुनीच मोजपट्टी घेतली. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रुग्ण. चारांपैकी एक पाय लंगडा असेल तर चिकित्सा उभी राहत नाही. डॉक्टरीणबाईंना ही विभागणी पसंत पडली आणि आम्ही एकेक पाद तपासू लागलो.

पहिला वैद्य. गावातील तीन डॉक्टरांनी "केव्हाही बोलवा, येऊ" असे आश्वासन दिले होते. आमचे कारकून मिस्किलपणे म्हणाले, "केव्हाही म्हणजे कोणत्या वारी?" वार आणि वेळ लिहून मागितली, तेव्हा एकच डॉक्टर महिन्यातून दोन शनिवार देऊ शकले. हे वाईट नव्हे. खोट्या रोजच्या आशेपेक्षा खरे दोन शनिवार बरे. मात्र उरलेल्या दिवशी डॉक्टर नाही, हे गृहीत धरूनच नियम बांधावे लागले. कोणी शिक्षकाने आपल्या बुद्धीने मुलाला गोळी देऊ नये. मोठा प्रसंग आल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तो क्रमांक व जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी दारावर मोठ्या अक्षरांत असावा. मुलाबरोबर कोणी जावयाचे आणि त्याचा वर्ग कोणी सांभाळावयाचा, हेही आधी ठरलेले असावे.

दुसरा पाद औषध, म्हणजे सर्व साधनसामग्री. जिन्याखालची खोली आम्ही मोजली. ती लांबीला चार मीटरही भरली नाही. नजर तपासण्याचा अक्षरांचा तक्ता, जो १८६२ साली स्नेलेन नावाच्या डच नेत्रवैद्याने सिद्ध केला, तो सहा मीटर अंतरावरून वाचावयाचा असतो. उलट्या अक्षरांचा तक्ता आणि आरसा घेतला तर तीन मीटरांत भागते. पण ही गोष्ट खोली निवडताना कोणाच्या मनातही आली नव्हती. खोलीत नळ नव्हता, म्हणजे हात धुण्याची सोय नव्हती. देणगीच्या यादीत मात्र दोन खाटा आणि एक वातानुकूल यंत्र होते. औषधांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे राहील आणि मुदत संपलेली औषधे दरमहा कोण काढील, याचा उल्लेख नव्हता. शाळांतील प्रथमोपचाराच्या खोल्यांनाही जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम लागू आहेत. रक्ताने भिजलेला कापूस फळ्याच्या खडूबरोबर केराच्या टोपलीत टाकता येत नाही. हे आमच्यापैकी डॉक्टरीणबाईंखेरीज कोणास ठाऊक नव्हते.

तिसरा पाद परिचारक, आणि येथेच आमची शाळा सर्वांत लंगडी ठरली. चरकाने परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत : सेवेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी आपुलकी आणि शुचिता. असे माणूस आम्ही कोठून आणणार होतो? देणगी एकदाच मिळते. पगार दरमहा द्यावा लागतो. पैशाने खाट विकत येते, पण त्या खाटेशेजारी बसणारे हात महिन्याच्या महिन्याला पोसावे लागतात. "शिपाई पाहील," असे कोणी सुचविले. आम्ही शिक्षकांनाच दोन प्रश्न विचारून पाहिले. मुलाचा घोळणा फुटला तर काय कराल? बहुतेकांनी सांगितले, मान मागे टाकून निजवू. वास्तविक मुलाला बसवून पुढे वाकवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा; मान मागे टाकली की रक्त घशात उतरते. दुसरा प्रश्न : फेफरे आले तर? उत्तरे आली, कांदा हुंगवू, जोडा हुंगवू, दातांत चमचा घालू. यांपैकी काहीही करू नये. मुलाला कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे आणि झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर रुग्णालय गाठावे. ही उत्तरे देणाऱ्यांना मी हसत नाही. मला स्वतःला त्या दिवसापर्यंत कांद्याचेच उत्तर ठाऊक होते.

चौथा पाद रुग्ण. याच्या गुणांत चरकाने एक फार मार्मिक गुण घातला आहे : आपले दुखणे सांगता येणे. मोठ्या माणसालाही जे नीट साधत नाही ते मुलाला कसे साधावे? आणि त्याने सांगावे तरी कोणाला? समितीतील गृहिणीबाईंनी हा विषय हाती घेतला. त्या मुलींशी एकट्याच बोलल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "गुरुजी, खोलीचे नंतर पाहू. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या एका दाराला कडी नाही आणि दुपारनंतर पाणी नसते. म्हणून मोठ्या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पाळीच्या दिवसांत कित्येकजणी घरीच राहतात." तीस वर्षे मी त्या शाळेत होतो; हे मला कधी कळले नव्हते, कारण मला कोणी सांगण्यासारखे नव्हते.

सांगणाऱ्याची लाजही राखावी लागते. वजनाची वही वर्गात टेबलावर उघडी ठेवून सर्वांसमक्ष आकडे पुकारण्याची आपली चाल बंद झाली पाहिजे. कोणाला फेफरे येते, कोण रात्री अंथरूण ओले करतो, हे केंद्राच्या वहीत कुलपाखाली राहावे. याला एक अपवाद आहे, तोही केंद्रातील माणसाला आधीच ठाऊक हवा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर घराण्याची वा शाळेची अब्रू पाहून गप्प बसता येत नाही. २०१२ च्या कायद्याने ते पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे.

आणि चौथ्या पादात मुलाच्या मागे त्याचे घर येते. येथे मला एकत्र कुटुंबांतील वाचकांशी थोडे मोकळेपणे बोलावयाचे आहे. शाळेची चिठ्ठी घरी येते ती आईच्या हाती. आई ती सासूबाईंना दाखविते, सासूबाई मामंजींच्या कानावर घालतात, आणि तिघांच्या विचारात पंधरा दिवस जातात. "आमच्या घरात कोणाला चष्मा नाही," "एवढ्याशा मुलीला चष्मा लावला तर पुढे लग्नाचे कसे," ही वाक्ये मी सुशिक्षित घरांतून ऐकली आहेत. शाळेत लोहाच्या गोळ्या मिळतात. लहान मुलांना गुलाबी, दहा वर्षांपुढील मुलांना निळी, आठवड्यातून एक. त्यांनी शौचास काळे होते, एवढ्यावरून घाबरून आजीने त्या बंद करविल्याची उदाहरणे आमच्या गावातच आहेत. हा रंग लोहाचा असतो. त्यात भय नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी शंभरात सुमारे ५९ मुलींच्या रक्तात लोह कमी पडून वा अन्य कारणाने पांडुता आढळली होती. त्या ५९ मुली केवळ गरिबांच्याच घरच्या होत्या असे कोणी समजू नये.

आमचा अहवाल चार पानांचा झाला. यंदा उद्घाटन करू नये, असे आम्ही त्यात एकमताने लिहिले. प्रथम कडी व पाणी; मग सर्व शिक्षकांना प्रथमोपचाराचे शिक्षण; मग प्रत्येक चिठ्ठीची एक वही, तीत चिठ्ठी घरी पोचल्याची तारीख, उपचार झाल्याची तारीख आणि जबाबदार माणसाची सही; मग वर्षातून निदान पाच वर्षे पुरेल अशी परिचारिकेच्या पगाराची तजवीज. एवढे सहा महिने नीट चालले, तर खोलीला नाव द्यावे.

अहवाल वाचून चालकमंडळातील काही सभासद रागावले. "देणगीदार हातचा जाईल," असे ते म्हणाले, आणि ती भीती खोटी नव्हती. मी स्वतः त्या गृहस्थांकडे गेलो. कार्ड बरोबर नेले होते. त्यांनी ते वाचले, कोऱ्या ओळीवर बराच वेळ बोट ठेवले आणि विचारले, "ही ओळ कोरी राहू नये म्हणून काय लागते?" मी म्हटले, "एक माणूस." वातानुकूल यंत्र आणि एक खाट यादीतून गेली, रक्कम ठेव म्हणून गुंतविली गेली आणि तिच्या व्याजात शेजारच्या दोन शाळांनी आपापला वाटा घातला. आता तिन्ही शाळा मिळून एक परिचारिका आहे. ती आठवड्यातून दोन दिवस आमच्याकडे असते. मातोश्रींच्या नावाचा फलक अजून लागलेला नाही. वहीच्या पहिल्या पानावर मात्र त्यांचे नाव आहे.

सारेच साधले असे नाही. वहीत पुढची तारीख न पडलेल्या चिठ्ठ्या आजही आहेत. काही घरे दाद देत नाहीत, काहींना रजा घेऊन तालुक्याला जाणे परवडत नाही. पण त्या कोऱ्या जागा आता कपाटाच्या तळाशी नाहीत. दर शनिवारी मुख्याध्यापकांपुढे उघड्या असतात.

कार्डाचा धनी मला मागच्या दिवाळीत भेटला. गावातच त्याचे दुकान आहे. जाड भिंगांचा चष्मा आहे. तो चष्मा विसाव्या वर्षी, कोणा मित्राच्या आग्रहाने लागला म्हणे. मी कार्ड पुढे केले आणि क्षमा मागितली. तो ओशाळला. म्हणाला, "गुरुजी, तुमचे काय चुकले? मी तरी कुठे सांगितले? मला वाटे, सगळ्यांनाच फळा असाच दिसतो."

म्हणून वाचकांस एवढीच विनंती, की शाळेत केंद्र उघडेपर्यंत थांबू नये. आज संध्याकाळी मूल घरी आले म्हणजे त्याला अंगणात उभे करावे, आणि समोरच्या दुकानावरची पाटी आधी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून वाचावयास सांगावी. आपल्याला जे सहज दिसते ते त्याला दिसत नसेल, तर त्याला रागावू नये. नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे, आणि नेल्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.